पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

शाळेत संगीताच्या तासाला काय किंमत असते, ते मला विचारा. तो तास गणिताला उसना दिला जातो, वह्या तपासायला दिला जातो, झेंडावंदनाच्या कवायतीला दिला जातो, आणि परत कधी मिळत नाही. मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं संगीत शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं हा उसना गेलेला तास परत मागण्यात गेली. मुख्याध्यापक बदलत गेले, माझं भांडण तेच राहिलं. माझ्या पाठीमागे स्टाफरूममध्ये मला कडकलक्ष्मी म्हणायचे. मला ते कळलं तेव्हा मी रागावले नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

निवृत्त झाले तेव्हा नवरा म्हणाला, "आता तरी जरा शांत बस गं." दोन महिने बसले. तिसऱ्या महिन्यात सोसायटीच्या भजनी मंडळाला मी ताल शिकवायला लागले, आणि चौथ्या महिन्यात मंडळाने मला अतिशय गोड शब्दांत विश्रांती घ्यायला सांगितलं. तेवढ्यात एका संस्थेकडून विचारणा आली. ज्या शाळांत संगीताचे शिक्षक नाहीत तिथे वर्गशिक्षकांनाच तो तास घ्यावा लागतो. आठवड्यातून एकदा जाऊन त्यांना मदत कराल का? मी म्हटलं, करीन की, त्यात काय.

त्यात बरंच काही होतं. मुलं चुकली तर हसतात आणि पुन्हा गातात. मोठी माणसं चुकली तर कारणं सांगतात. शिवाय इथे मी गायचंच नव्हतं. मागे उभं राहायचं, पाहायचं, वर्गशिक्षकाला बळ द्यायचं आणि आपलं तोंड बंद ठेवायचं. आता माझं तोंड आणि बंद! पण मी ते शिकले, आणि कोणाकडून शिकले तेच सांगायचं आहे.

मंगळवारी माझी शाळा चारकोपला असे. मुलुंडहून लिंक रोडने बस, मग रिक्षा. चौथीचा वर्ग इमारतीच्या अगदी मागच्या बाजूला होता. त्याच्या भिंतीपलीकडे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा होता. तिथे काय बनत असे ते मला आजही नीटसं माहीत नाही, पण एक मोठी मोटर सकाळपासून चालू असायची. वर्गात चौतीस मुलं. आणि चौथीच्या बाई.

या बाई चाळिशीच्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब लालबागहून चारकोपच्या सेक्टरमध्ये आलं, आणि ही मुलगी तिथेच वाढून, शिकून, तिथल्याच शाळेत बाई झाली. अक्षर मोत्यासारखं, वर्गावर पकड अशी की मुलं त्यांच्या भुवईकडे बघून गप्प होत. पण पहिल्याच दिवशी दारातच त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, आधीच सांगून ठेवते. मला गाता येत नाही. मी व्हिडिओ लावून देते, मुलं त्याच्यामागून म्हणतात."

"कोणी सांगितलं गाता येत नाही म्हणून?" मी विचारलं. माझा आवाज मुळातच जरा वरचा आहे, त्यामुळे साधा प्रश्नही उलटतपासणीसारखा वाटतो.

"शाळेत असताना. समूहगान बसवत होते. बाई माझ्यापाशी आल्या, कान लावला आणि म्हणाल्या, तू मागच्या रांगेत जा, नुसते ओठ हलव." त्या हसून सांगत होत्या. "मग मी ओठच हलवले. स्पर्धेत नंबर आला आमचा."

त्या बाई मी नव्हते. मनातल्या मनात मी दोनदा खात्री करून घेतली. शाळा वेगळी, उपनगर वेगळं. पण एकतीस वर्षांत हे वाक्य मी किती मुलांना म्हटलं असेल? स्पर्धा जवळ आली की आम्ही सगळेच संगीत शिक्षक हे करत आलो. रांगेतून कान लावत फिरायचं, बोट दाखवायचं, "तू ओठ हलव." आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. गृहिणी तांदळातला खडा काढते तितक्या सहज आम्ही मुलं काढायचो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या खड्याशी बोलायची वेळ आली, आणि मला लाज वाटली.

गंमत म्हणजे वर्गाकडे स्वतःचं एक गाणं होतं. गणपतीला गावी जाणाऱ्या एसटीचं. चौथीच्या बाईंनी आणि मुलांनी मिळून ते रचलं होतं. घाट येतो, डबा उघडतो, कोणाला तरी उलटी होते, आजोबा खिडकी सोडत नाहीत, असं सगळं त्यात होतं. चाल साधी, पण झकास. मी विचारलं, "चाल कोणाची?"

"अशीच झाली हो. मुलांबरोबर गुणगुणता गुणगुणता."

"म्हणजे तुम्ही गाता!"

"मुलांपुढे गुणगुणते. ते वेगळं. मोठं माणूस समोर आलं की माझा घसाच बंद होतो, मॅडम."

पुढच्या मंगळवारी मी माझी पेटी घेऊन गेले. पेटी म्हणजे हार्मोनियम. तीस वर्षं जुनी, माझ्या पहिल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेली. मी काळी चार दाबली. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. बायकांच्या आणि लहान मुलांच्या आवाजाला हा सूर सहसा बरोबर बसतो. मी तो 'सा' दिला, मुलांनी तो उचलला, आणि दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग घसरला. पुन्हा दिला, पुन्हा घसरला. पेटी एकीकडे, मुलं दुसरीकडे. चौतीस मुलं एकदम बेसूर कशी होतील? मला घाम फुटला, आणि मला घाम फुटला की राग येतो.

चौथीच्या बाई कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या, "मॅडम, पलीकडे मशीन चालू आहे ना, त्यामुळे होत असेल."

आणि मी म्हटलं, मुलांसमोर म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तो अजून आठवतो. त्या फळा पुसायला लागल्या. फळा आधीच स्वच्छ होता.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली. मी वर्गात एकटीच डबा उघडून बसले, मान खाली घालून. मुलांचा गलका गेल्यावर भिंतीपलीकडची ती मोटर स्पष्ट ऐकू यायला लागली. घूंऽऽ. न थांबता, न हलता, एकच सूर. पोळीचा घास तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं की माझ्या नकळत मी त्या सुरात गुणगुणते आहे. मी घास गिळला, हात पुसले आणि पेटीवर तो सूर शोधायला लागले. काळी चार दाबली. मोटर जरा खाली. तिच्या शेजारची पांढरी पाच दाबली. मोटर जरा वर. दोन्ही पट्ट्या आलटून पालटून दाबून पाहिल्या. मोटरचा सूर बरोबर दोन्हींच्या मधे होता, जिथे माझ्या पेटीला पट्टीच नव्हती.

जूनपासून ही मुलं त्या घरघरीत गात होती. तोच त्यांचा तंबोरा. त्यांचे कान त्या सुराला पक्के बसले होते, आणि मी येऊन त्यांच्यावर काळी चार लादत होते. मुलं घसरत नव्हती, आपल्या 'सा'वर परत जात होती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि मुलं त्या वाकड्या अंगणात उत्तम नाचत होती.

मला माफी मागता येत नाही. माझा नवराही हे शपथेवर सांगेल. पण सुट्टी संपल्यावर मी चौतीस मुलांसमोर म्हटलं, "मघाशी मी तुमच्या बाईंना जे बोलले ते चूक होतं. त्या म्हणत होत्या तेच बरोबर आहे." एका मुलीने लगेच विचारलं, "मग सॉरी बोला ना!" मी सॉरी म्हटलं. चौथीच्या बाई लाजून हसल्या. आमची खरी ओळख त्या दिवशी झाली.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मग मला एक शंका आली. मुलं मोटरच्या आधाराने सुरात राहतात, हे ठीक. पण मोटर बंद असेल तेव्हा? त्या म्हणाल्या, "गुरुवारी तो गाळा बंद असतो." मग मी गुरुवारी गेले.

वर्गात अगदी शांत होतं. मी पेटी नेली नव्हती. फोनवर तंबोऱ्याचं एक अॅप असतं, ते नेलं होतं. त्यात आवाज नेमका कुठे आहे तेही दिसतं. मी मुलांकडे तोंड करून, बाईंकडे पाठ करून बसले, आणि म्हटलं, "मी नाहीच असं समजा. नेहमीसारखं सुरू करा." मग मागून एक बारीक 'सा' आला. अगदी पातळ, पण सरळ. मी फोनकडे पाहिलं. पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे. मंगळवारी मोटरचा सूर मी याच अॅपवर मोजून ठेवला होता. तीच जागा.

योगायोग असेल म्हणून मी दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, पाढे म्हणून घेतले, आणि पुन्हा मागितला. तोच. शाळा सुटताना पुन्हा. तोच. कोणताही आधार नसताना ही बाई दर वेळी तोच सूर डोक्यातून काढत होती. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो मुलं गेली असतील. असा कान मला पाच-सहांचा आठवतो. माझा स्वतःचा नाही, हे लिहायला कष्ट पडतात, पण नाही. आणि या बाईंना कोणीतरी सांगितलं होतं, नुसते ओठ हलव.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं मी मंगळवारच्या माफीचंच पुढचं काहीतरी बोलते आहे.

दिवाळीनंतर बोरिवलीला आंतरशालेय समूहगीताची स्पर्धा होती. एसटीचं गाणं तिथे न्यायचं, हे मुलांनीच ठरवून टाकलं. मी म्हटलं, अॅपवर तुमचा तो मधला सूर लावू आणि स्टेजवर ठेवू, काम झालं. पण नियमांचा कागद आला. फोन नाही, कोणतंही विजेवर चालणारं वाद्य नाही. साथीला आयोजकांची पेटी आणि तबला. आणि मुलांपुढे उभं राहील ते फक्त त्या शाळेतलं माणूस. म्हणजे मी बाद. मुलांना काळी चारवर बसवायचाही प्रयत्न करून पाहिला. पण आठवड्यातले पाच दिवस मोटर त्यांना परत खाली ओढून नेई. आता एकच वाट उरली. भरल्या सभागृहात चौथीच्या बाईंनी एकटीने, आपल्या गळ्यातून, मुलांना 'सा' द्यायचा. तो चुकला तर चौतीस मुलं चुकणार.

हे ऐकल्यावर त्या एरवीचं नीटनेटकं शाळेतलं बोलणं विसरल्या. "नाय ओ मॅडम, नाय. माका काय गावूक येना नाय. पोरांची वाट लागतली माझ्यामुळे."

त्या नाही म्हणत होत्या, पण त्यांनी स्पर्धेचा अर्ज परत घेतला नाही. ते मी बघून ठेवलं.

मग आम्ही एक पद्धत काढली. दर मंगळवारी वर्गाच्या दारात एक मोठं माणूस जास्त उभं करायचं. पहिल्या आठवड्यात मी, तोंड वळवून. दुसऱ्या आठवड्यात मी, त्यांच्याकडे तोंड करून. तिसऱ्या आठवड्यात शाळेतल्या शिपाई मावशी, त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, "मस्तच की गं बाय!" चौथ्या आठवड्यात दोन पालक. हळूहळू तो पातळ 'सा' जरा भरायला लागला. मी मधे बोलत नव्हते. जिभेला अक्षरशः चावा घेऊन बसायचे. सुरावरून सुरावर घसरत जाणारी एखादी मींड मला दुरुस्त करावीशी वाटे, हात शिवशिवत. पण गाणं त्यांचं होतं.

पाचव्या आठवड्यात मुख्याध्यापिका आल्या. खुर्ची घेऊन समोरच बसल्या, चष्मा लावून. आणि चौथीच्या बाईंचा घसा बंद झाला. तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज नाही. मुलं वाट बघत राहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बरं नाही वाटत का?" आणि निघून गेल्या. स्पर्धेला चार दिवस होते. बाई खाली मान घालून वह्या लावत बसल्या आणि मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. मला काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. शेवटी मी इतकंच म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही." त्यांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पालक, शिक्षक, समोर तीन परीक्षक. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त संगीत शिक्षिका शेजारी बसल्या होत्या आणि प्रत्येक शाळेतली उणीदुणी काढत होत्या. एरवी मी त्यांच्यात पुढे असते. त्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं.

आमची मुलं स्टेजवर चढली. चौतीसच्या चौतीस. मागची रांग होतीच, पण ती नुसती उंच मुलांची होती. ओठ हलवणारं त्यात कोणी नव्हतं. चौथीच्या बाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. पेटीवाले गृहस्थ अनुभवी होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे मुलांकडे पाहिलं, मान हलवली आणि काळी चार दाबली.

मुलं गोंधळली. पुढच्या रांगेतल्या दोघींनी तो सूर धरायला तोंडही उघडलं. मी खुर्चीची कड घट्ट पकडली. सगळं आता जातं, असं मला वाटलं.

चौथीच्या बाईंनी हात वर केला. "दादा, जरा थांबा," त्या म्हणाल्या. पेटी थांबली. सभागृहात कुजबुज झाली. त्या मुलांकडे पाठ करून आमच्याकडे वळल्या. का वळल्या ते मी नंतर विचारलं, म्हणाल्या, "पाठीमागे इतकी माणसं आहेत याचीच भीती वाटत होती. म्हटलं, एकदा बघूनच घेऊ." त्यांनी त्या सगळ्या गर्दीकडे पाहिलं, आणि गायल्या. 'सा'. एकटीने, उघड्या आवाजात, लांबवर. कुठेही न थरथरता. मला अॅपची गरज नव्हती.

मग त्या मुलांकडे वळल्या, आणि चौतीस मुलं त्या 'सा'वर चढली, एसटीत चढावी तशी, एकदम आणि धक्काबुक्की करत, आणि गाणं सुटलं. पेटीवाल्यांनी दोन पट्ट्या चाचपल्या. मग समजूतदारपणे हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. तबलजींनी ठेका धरला. आजोबा खिडकी सोडत नाहीत या ओळीला लोक हसले, घाटाला टाळ्या पडल्या. शेवटच्या ओळीलाही मुलं त्यांच्या 'सा'वरच होती, केसभरही सरकली नव्हती. मी रडले. शेजारच्या दोघींनी पाहिलं तर पाहिलं.

नंबर आला नाही. शेरा असलेला कागद प्रत्येक शाळेला मिळतो, तो मी बाईंच्या आधी ओढून घेतला. लिहिलं होतं, "सादरीकरण उत्साही. मात्र स्वर पेटीशी जुळत नाही." त्यासाठी गुण कापले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पदर खोचला आणि परीक्षकांच्या टेबलाकडे निघाले. स्वरांविषयी कोणाला काय कळतं ते आज एकदाचं सांगूनच टाकायचं होतं. चौथीच्या बाईंनी माझा दंड धरला. जोरात धरला.

"मॅडम, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "वर्ग माझा आहे."

त्या स्वतः गेल्या. भोवती पालक, इतर शाळांचे शिक्षक, सगळी मोठी माणसं उभी होती. त्यांनी कागद परीक्षकांपुढे ठेवला आणि आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सर, गुण राहू द्या. फक्त हे वाक्य दुरुस्त करून द्या. मुलांना वाचून दाखवायचंय मला. मुलं सुरात होती. पेटी आमच्याशी जुळत नव्हती."

परीक्षकांनी कागद उचलून पुन्हा वाचला. मी खुर्चीत बसून होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मधे बोलावंसं वाटत नव्हतं. मग परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं.